कुणी वाळू बघायला जातं का?

काय म्हणावं या लोकांना! घरापासून हाकेच्या अंतरावर काळा समुद्र, पलीकडे पांढरा समुद्र, खाडी ओलांडली की भाट्याची लांबच लांब पुळण. आणि रत्नागिरीकर निघाले कतारला. कशाला? वाळू बघायला!

परवापर्यंत ज्यांची सहल गणपतीपुळ्याला सुरू होऊन पावसला संपायची, ती मंडळी आता मारुती मंदिरापाशी उभी राहून ‘डेझर्ट सफारी सकाळची घ्यावी की संध्याकाळची’ यावर हमरीतुमरीवर येतायत. दुबई? छे, दुबई आता कुणीही करतं. परवा कुणाच्या तरी तोंडून ‘दुबई’ निघालं, तर बाकीच्यांनी काय नाकं मुरडली!

बरं, देश तरी केवढा? रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एकत्र केले तर आख्खा कतार आत बसून वर जागा उरेल. नदी औषधालासुद्धा नाही. वर्षभराचा पाऊस सरासरी शंभर मिलिमीटरही नाही. एवढा तर जुलैत आपल्याकडे भजी तळून होईपर्यंत पडतो! आणि त्यासाठी विमानाचं तिकीट काढायचं? विमान मुंबईहून चारेक तासांत दोहाला टेकतं हो, पण मुंबई गाठायला त्या महामार्गावर आठ-दहा तास हाडं खिळखिळी होतात, त्याचं काय?

सगळ्यात कहर म्हणजे मुहूर्त. बागायतदाराच्या हातात पैसा येतो जूनमध्ये, आंबा आटोपल्यावर. नेमका तेव्हा दोहात पारा पंचेचाळिशीच्या घरात! मग दिवाळीची सुट्टी ठरते. दिवाळी म्हटलं की फराळाचा डबा आला, आणि डब्यात अनारसे. एका काकूंनी तर बॅगेत मेतकूट, कुळथाचं पीठ, फणसपोळी, कोकमं आणि वर अनारशांचा डबा असा सगळा संसार भरला. शेवटच्या क्षणी कुणीतरी सांगितलं, आखातात खसखशीला बंदी आहे, पकडतात! झालं. काकू रात्री बारा वाजता चमच्याच्या टोकाने एकेका अनारशावरची खसखस खरवडत बसल्या. ही बातमी सकाळी रामआळीत पोचली तेव्हा जी खसखस पिकली, तिला मात्र कुणी अडवू शकलं नाही.

आणि सल्ला कुणाचा? राजिवडा, मिरकरवाडा, साखरतर इथली माणसं पिढ्यान् पिढ्या आखातात घाम गाळून आली. तेव्हा ‘गेला बिचारा उन्हात मरायला’ म्हणत कोण हळहळत होतं? आपणच ना? आता त्याच चाचांच्या ओटीवर वही-पेन घेऊन रांग लागलीय. चाचा, मेट्रो कुठून धरायची? चाचा, रियाल इथूनच न्यावेत का? त्या वाळूच्या फुलासारख्या दिसणाऱ्या राष्ट्रीय संग्रहालयाला किती वेळ लागतो? चाचा शांतपणे म्हणाले, “वहिनी, मी वीस वर्षं तिथे क्रेन चालवली. उंचावरून सगळं बघितलंय. आत कधी गेलो नाही.” वहिनींनी ‘उंचावरून छान दिसतं’ एवढंच वहीत टिपून घेतलं!

रियालवरून आठवलं. १९६६पर्यंत कतारात आपलाच रुपया चालायचा. रिझर्व्ह बँकेने १९५९ साली आखातासाठी वेगळ्या नोटाच काढल्या होत्या. म्हणजे आजोबा गेले असते तर पैसे बदलायची कटकटसुद्धा नव्हती. गेले का आजोबा? नाव नको! तिथले मोतीच विकायला मुंबईला येत होते, तर कोण कशाला तडफडत जाईल?

आजोबांच्या नातवंडांना मात्र सगळं हवं. सूक वाकिफ बाजारात ससाण्यांसाठी इस्पितळ आहे म्हणे. पक्ष्यांचं इस्पितळ बघायला समुद्र ओलांडायचा, आणि आपलं दुखणं वाढलं की कोल्हापूर गाठायचं! ‘द पर्ल’ नावाच्या मानवनिर्मित बेटावर नकली व्हेनिस आहे, तिथे कालव्याकाठी फोटो काढायचे. भाट्याच्या खऱ्या खाडीकाठी उभं राहायला लाज वाटते का? एम. एफ. हुसेन २०१० साली कतारचे नागरिक झाले, म्हणून त्यांची चित्रंही दोहातच बघायची. हुसेन जन्मले पंढरपूरला. तिथे जायला या मंडळींना आजवर सवड झालेली नाही!

परत आलेल्यांची तर बातच सोडा. ‘आमच्या दोहाला’ असं म्हणतात. आमच्या! चार रात्री राहून आले आणि आता गोखले नाक्यावरच्या गर्दीत ‘तिकडे बाई कुणी हॉर्न वाजवत नाही’ हे ऐकवतात, स्वतःचा हॉर्न दाबून धरत. खजुराचा एकेक दाणा असा हातावर ठेवतात की तीर्थ म्हणून डोळ्यांना लावावा.

चालू द्या त्यांचं. आपण बापडे नावं ठेवणारच. आपला तो जन्मसिद्ध हक्क, आणि गावही टिळकांच्या जन्माचं. फक्त एवढं सांगा, रात्री सगळे झोपल्यावर विमानाचे दर कोण बघत असतं? भारतीयांना तीस दिवसांपर्यंत आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही, हे या गावात प्रत्येकाला तोंडपाठ कसं? लाजू नका. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी उरली पाहिजे. कपाटातल्या पिशवीतून काढून आजच बघून ठेवा. संपत आली असेल तर अर्जाच्या रांगेत भेटूच.