टिटलिसवर नळाचा दिवस

युरोपच्या ग्रुप टूरमध्ये स्वित्झर्लंडच्या दिवसाचा गजर सहाला होतो. लातूरचे कुटुंब पाचलाच उठते, कारण हॉटेलात शॉवर असतो, बादली नसते. शॉवरखाली उभे राहणे म्हणजे पावसात सापडणे, आंघोळ नव्हे, असे आजींचे ठाम मत असते. मग खोलीतला कचऱ्याचा डबा तीनदा विसळला जातो आणि कॉफीचा मग तांब्याच्या पदाला चढतो. पाच माणसे दीड तासात आटोपतात.

नाश्त्याला पाव, चीज आणि फळे मांडलेली असतात. त्यांच्या शेजारी पिशवीतून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी निघते. बाहेरचे पदार्थ इथे खाता येत नाहीत, असे टूर मॅनेजर पहिल्या दिवशी हात जोडून सांगतो. तिसऱ्या दिवशी त्याच्या बशीत अर्धे धपाटे असते.

बसमध्ये पुढच्या सीटचा प्रश्न निघतो. त्याच सहलीत नांदेडचे एक कुटुंब असते. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा वाद २००९ पासून लोंबकळतो आहे. ड्रायव्हरच्या मागची सीट कुणाची, हा त्याचाच पोटविभाग समजावा. हा मात्र लवकर मिटतो. नांदेडच्या काकूंचे माहेर लातूर जिल्ह्यातल्या उदगीरचे निघते, उदगीरमधली गल्ली निघते, गल्लीतले एक लग्न निघते आणि दोन्हीकडच्या आजी पुढे शेजारीशेजारी बसतात. टिटलिसच्या पायथ्याचे एंगेलबर्ग येईपर्यंत खिडकीबाहेर कुणाचे लक्ष नसते.

टिटलिसचा डोंगर हा या दिवसाचा मुख्य भाग. एंगेलबर्गहून पाळण्यात बसून वर जायचे आणि शेवटच्या टप्प्यात ‘रोटेअर’ नावाच्या गोल डब्यात चढायचे. १९९२ मध्ये सुरू झालेल्या या रोपवेचा डबा वर जाता जाता स्वतःभोवती एक पूर्ण फेरी घेतो, म्हणजे प्रत्येकाला सगळीकडचे दिसावे. तरी लातूरकर काका आधी धावत जाऊन जागा धरतात. डबा फिरतो आणि धरलेल्या जागेसमोरचा डोंगर निघून जातो. काका त्याच्या मागे मागे सरकत राहतात.

वरचे स्टेशन तीन हजार मीटरहून थोडे उंच आहे. माकडटोपी, स्वेटर, त्यावर नऊवारी आणि पायात नातवाचे बूट अशा वेशात आजी बर्फावर पाऊल ठेवतात. इथली हिमनदी वितळत चालली आहे. हे वितळणे लांबणीवर टाकण्यासाठी उन्हाळ्यात तिच्या काही भागावर पांढरे जाड कापड अंथरतात. टूर मॅनेजर हे मोठ्या गांभीर्याने सांगतो. लातूरच्या मंडळींना त्यात नवल वाटत नाही. त्यांच्या गावच्या गंजगोलाईच्या बाजारात रसवंतीवाला बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळूनच ठेवतो.

पुढे क्लिफ वॉक. २०१२ च्या अखेरीस खुला झालेला हा झुलता पूल सुमारे शंभर मीटर लांब आणि जेमतेम एक मीटर रुंद आहे, खाली दरी. काका पुलाच्या मधोमध असताना फोन वाजतो. स्वित्झर्लंडमध्ये अकरा वाजलेले असतात, लातुरात अडीच. शेजारच्या मामींचा फोन असतो.

“भाऊ, नळ आलाय. किल्ली कुठंय?”

“कुंडीखाली. आधी हौद भरा, मग वरची टाकी. मोटार गरम होऊ देऊ नका.”

“तुमी काय करलालाव?”

“पुलावर हाय.”

“बार्शी रोडच्या का?”

मागे दोन जपानी, एक जर्मन जोडपे आणि नांदेडचे अख्खे कुटुंब खोळंबते. हौद भरत आल्याची खात्री होईपर्यंत पूल पुढे सरकत नाही. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हा फोन नंतर करता येत नाही, हे फक्त नांदेडकरांना कळते. तेही गोदावरीकाठचे असल्यामुळे जरा वरून कळते.

दुपारी जेवणात पनीर असते. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

नंतर ल्युसर्न शहरात कातळात कोरलेला सिंह दाखवतात. १७९२ साली पॅरिसमध्ये मारल्या गेलेल्या स्विस सैनिकांचे हे १८२१ चे स्मारक. सिंहाच्या अंगात भाला रुतलेला आहे. “कवापासून पडलाय असा?” आजी विचारतात. “दोनशे वर्षं,” नातू सांगतो. “आन् कुणी काढला न्हाई?” यानंतर चौदाव्या शतकातला लाकडी कापेल पूल. १९९३ च्या आगीत त्याचा बराच भाग जळाला आणि पुढच्याच वर्षी तो पुन्हा उभा राहिला. पुलाच्या कामाचा हा वेग काकांना पटत नाही.

शॉपिंगला दिलेला दीड तास घड्याळाच्या दुकानात किंमत विचारण्यात आणि तिचे रुपये करण्यात जायचा असतो. पण काकूंना वाटेत चौकातले कारंजे दिसते. तोटीतून चोवीस तास पाणी वाहते, ते पिता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. लातूरचा माणूस इथे थांबतोच. मांजरा धरण आटले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ३४२ किलोमीटर रेल्वेने पाणी आले, ते याच गावाला. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती. ल्युसर्नच्या कारंज्याजवळ जमाव करायला बंदी नाही. त्यामुळे दोन्ही कुटुंबे बाटल्या घेऊन रांग लावतात, नांदेडचे आधी की लातूरचे आधी हा विषय पुन्हा निघतो आणि चॉकलेट घ्यायचे राहून जाते.

बस निघताना डोकी मोजतात. दोन कमी भरतात. दोन्ही आजी कारंज्यापाशी सापडतात. तोटी बंद करायचा खटका त्या शोधत असतात.

रात्री हॉटेलात बाटल्या, थर्मास आणि डबे पुन्हा भरले जातात. इथले पाणी कधी जात नाही, हे नातू समजावून सांगतो. “आज हाय,” एवढे बोलून आजी कचऱ्याचा डबा नळाखाली लावतात.