फुकटच्या इंजिनावर गेम डेव्हलपर कसे व्हावे

अभिनंदन! ज्या ‘अनरिअल’ इंजिनासाठी २०१४ साली महिन्याला १९ डॉलर मोजावे लागत, ते एपिक गेम्सने २ मार्च २०१५ला सगळ्यांसाठी फुकट करून टाकलं. ‘पैसे नाहीत म्हणून गेम करत नाही’ ही तुमची हुकमी सबब त्या दिवशी बुडाली. तुमचं दुःख आम्ही समजू शकतो. पण खचू नका, पुढे क्रमाने जा.

१. आधी जागा करा. इंजिन फुकट आहे, हार्ड डिस्क नाही. लग्नाचा व्हिडिओ तसाही कुणी बघत नाही, उडवा. मग रॅम वाढवा, ग्राफिक्स कार्ड घ्या. महिन्याचे १९ डॉलर वाचवायचे तर एवढा खर्च होणारच.

२. ‘थर्ड पर्सन’ टेम्प्लेट उघडा. कोपऱ्यात ‘कंपायलिंग शेडर्स’ असं येईल, शेजारी एक भलामोठा आकडा. तो हळूहळू उतरताना बघत बसणं म्हणजेच काम. घरच्यांना तसं ठणकावून सांगा. यथावकाश नाक-डोळे नसलेला एक करडा पुतळा प्रकटेल. त्याला पळवा, उडी मारायला लावा, व्हिडिओ काढा आणि ‘माझा पहिला गेम’ म्हणून सगळ्या ग्रुपांवर टाका. पुतळा एपिकचा, धावणं एपिकचं, उडीही एपिकचीच. पण स्पेसबार दाबला कुणी?

३. आता रॉयल्टीची काळजी करा. सुरुवातीचा नियम होता, गेमने तिमाहीत तीन हजार डॉलर कमावले की त्यापुढच्या कमाईवर ५ टक्के. मे २०२०मध्ये एपिकने सूट वाढवून प्रत्येक गेममागे पहिल्या दहा लाख डॉलरपर्यंत नेली. म्हणजे दहा लाखांवर एक डॉलर आला, की त्यातले पाच सेंट गेले! ही लूट आहे. रात्र जागून काढा, सकाळी ओळखीचा वकील गाठा. बाजारात तुरी असल्या, तरी भांडण घरातच सुरू करायचं असतं.

४. इंजिन बदला. अनरिअल फुकट झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी युनिटी ५ची फुकट आवृत्ती आली होती, तिकडे जा. २०२३मध्ये युनिटीने ठरावीक मर्यादेपुढे प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा जगभरचे डेव्हलपर खवळले. तुम्हीही खवळा. तुमचा गेम अजून तुम्हीसुद्धा इन्स्टॉल केलेला नाही, ही बाब गौण. वर्षभराने ते शुल्क रद्द झालं, तोवर तुम्ही गोडो इंजिनावर पोचलेले असाल. गोडो मुक्तस्रोत; गेम कितीही चालला तरी छदाम मागत नाही. वकिलाकडे जायला निमित्तच उरत नाही. सुरुवातीला जड जाईल, सवय होते.

५. तरीही अनरिअल काढून टाकू नका. कुणीतरी आत्या-मावशी ‘गेम कधी येणार?’ विचारणारच. तेव्हा गंभीर चेहऱ्याने सांगा, “लायटिंग पुन्हा बिल्ड करायचं राहिलंय.” पटलं नाही, तर लॅपटॉप वळवा. वरच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत इंजिन स्वतःच तसं म्हणत असतं.