कोचाची उचल

“चार आन् तीन सात, सात आन् तीन धा.” तात्यांची बोटं संपली. चष्म्याच्या वरून त्यांनी उमेदवाराकडे पाहिलं. “अकरा जण खेळतेत म्हणलात नव्हं? मंग अकरावा कुठंय?”

उमेदवार छत्रपती संभाजीनगरहून दोन एसट्या बदलून आला होता. गुडघ्यावरचा लॅपटॉप सावरत तो म्हणाला, “सर, चार-तीन-तीन हे पुढच्या दहांचं फॉर्मेशन. गोलकीपर त्यात धरत नाहीत.”

“धरत न्हाईत?” तात्या माझ्याकडे वळले. “गुर्जी, लिहून घ्या. ह्ये पाव्हणे पहिल्याच दिवशी एका गड्याला हिशोबाच्या बाहीर ठेवायलेत.”

मी लिहून घेतलं. क्लबाचा सचिव म्हणून माझं काम एवढंच. अध्यक्ष, खजिनदार, निवड समिती आणि बडतर्फी समिती म्हणजे तात्या.

तात्या ऊसतोडीचे मुकादम. बीड जिल्ह्यातल्या आमच्या तेलगावला साखर कारखाना आहे, सुंदरराव सोळंक्यांच्या नावाचा; १९७८ साली राज्याचे उपमुख्यमंत्री झालेले तेच सोळंके. म्हणजे ऊस, मोळी, गव्हाण, सगळं दारात. तरी तात्यांच्या टोळ्या जातात कराड-कोल्हापूरकडे. विचारलं तर म्हणतात, “पिकतं तिथं विकत न्हाई.” तीस वर्षं हा माणूस एकच विद्या करत आलाय: गडी हेरायचा, आगाऊ पैशांची उचल द्यायची, ट्रकात बसवायचा आणि तो पळून जाणार नाही एवढं पाहायचं. गडी कुस्तीचा आहे, शिक्षणाचा आहे की फुटबॉलचा, याने त्यांना फरक पडत नाही. परवा पुतण्याला स्थळ पाहायला गेले, तिथेही मुलीच्या बापाला त्यांच्या तोंडून निघून गेलं, “कामाला किती दिस झाले?”

फुटबॉल त्यांच्या गळ्यात पडला तो सरकारमुळे. सप्टेंबर २०१७ मध्ये, सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात व्हायचा होता म्हणून, राज्यभर एकाच दिवशी दहा लाख पोरांनी फुटबॉल खेळायचा असं ठरलं. शाळाशाळांत चेंडू आले. दिवस मावळला, साहेब लोक फोटो काढून गेले, चेंडू राहिले. ते आमच्या शाळेमागच्या पोरांनी लाथा मारमारून पार भोपळ्यासारखे केले आणि त्यातून हा क्लब निघाला. दर गणपतीत आसपासच्या चार गावांच्या स्पर्धा होतात, त्यात आम्ही हरतो. देशाच्या फुटबॉलची उतरंड मी तात्यांना एकदा समजावून सांगितली होती: वर आयएसएल, मग आय-लीग, त्याखाली दोन नंबरची आय-लीग, त्याखाली तीन नंबरची, मग राज्याच्या लीगा, मग जिल्ह्याच्या. “आन् आपून?” तात्यांनी विचारलं. मी जमिनीकडे पाहिलं. तेही जमिनीकडे पाहत बराच वेळ गप्प बसले.

हरल्यावर तात्यांचं निदान ठरलेलं. पोरांची चूक नाही, मैदानाची नाही, बूट नाहीत याचीही नाही. “कोच बदला.”

पहिले कोच शाळेतलेच खेळाचे शिक्षक होते. त्यांचं सगळं आयुष्य खो-खो आणि लंगडीत गेलेलं. शिट्टी मात्र अशी वाजवायचे की चौकातली परळी गाडी जागेवर थांबायची. वडवणीला बदली झाली आणि शिट्टीसकट गेले.

दुसरे आले वस्ताद. त्यामागेही तात्यांचा विचार होता, विचाराशिवाय ते पाऊल टाकत नाहीत. आपला पैलवान राहुल आवारे पाटोद्याचा, २०१८ साली त्याने राष्ट्रकुलात सोनं मारलं, त्याच्या मागे काका पवारांसारखा वस्ताद उभा होता. तेव्हा बीड जिल्ह्याच्या मातीला कोच नव्हे, वस्ताद लागतो. वस्तादांनी पोरांकडून महिनाभर जोर-बैठका मारून घेतल्या. दुधाचा खर्च क्लबाच्या वहीत अजून बाकी दिसतो. उपांत्य सामन्यात आमच्या बचावपटूने समोरचा फॉरवर्ड कमरेत धरून ढाक मारून पाडला. पंचाने लाल कार्ड काढलं. वस्ताद रेषेवरून ओरडत राहिले की पाठ टेकलीय, कुस्ती निकाली धरा. रात्रीच्या धारूर गाडीने तेही गेले.

मधल्या काळात चहाच्या टपरीवर कुणीतरी सुचवलं, संजय बांगर बीडचे, भारतीय संघाचे बॅटिंग कोच होते, त्यांनाच फोन करा. मी म्हणालो, ते क्रिकेटचे. टपरीवाला म्हणाला, कोच तो कोच. तात्यांनी मात्र यावर गंभीरपणे विचार केला आणि एकच शंका काढली: “उचल किती मागतील?”

यंदा पुन्हा हरलो. सप्टेंबरच्या पावसाने मैदानाचं तळं झालं होतं. आमचा डावा विंगर पळतो अगदी आष्टीच्या अविनाश साबळेसारखा, फक्त चेंडू मागे राहतो. आणि साबळेच्या स्टीपलचेसच्या शर्यतीत जो पाण्याचा खड्डा असतो तो आमच्याकडे गोलच्या तोंडाशीच होता. पाच गोल बसले. संध्याकाळी तात्यांचा निरोप आला: जाहिरात टाका.

जाहिरात म्हणजे मी टाइप करून व्हॉट्सॲपवर सोडलेला मजकूर. अर्ज आले दोन. तात्या खट्टू झाले. त्यांचा धीर वाढावा म्हणून मी देशाची गोष्ट सांगितली. २०२५ च्या जुलैत भारताच्या फुटबॉल संघाला कोच हवा होता, तर महासंघाकडे एकशे सत्तर अर्ज आले. त्यात पेप ग्वार्डिओलाचा एक आणि झावीचाही एक. दोघेही जगातले मोठे कोच. पुढे महासंघानेच सांगितलं की ते ईमेल खरे नव्हते.

तात्यांना नवल वाटलं ते भलत्याच गोष्टीचं. “त्या ग्वार्डिल्यानं उचल मागितली व्हती का?”

“नाही बहुतेक.”

“मंग तवाच कळाया पायजे व्हतं. जो गडी उचल मागत न्हाई त्यो येत न्हाई.”

मी पुढे सांगितलं की आधीचा एक कोच, स्टिमाच नावाचा क्रोएशियाचा माणूस, २०२४ च्या जूनमध्ये काढला आणि करार मोडला म्हणून त्याला चार लाख डॉलर द्यावे लागले. हे ऐकून तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली. तीस वर्षांत त्यांनी पळालेल्या टोळ्यांच्या मागे कर्नाटकापर्यंत जीप फिरवली होती, अंगावर राहिलेले पैसे वसूल करायला लोकांच्या ओसरीवर रात्री काढल्या होत्या. काढलेल्या गड्याला वरून पैसे, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात कुठेच बसेना. “मंग मुकादम कोण त्याच्यात?” एवढंच त्यांनी तीनदा विचारलं.

शेवटी कुणाला घेतलं, तर खालिद जमीलला. तेरा वर्षांनी भारतीय माणूस. कितीतरी वर्षं तो मुंबई एफसीत होता, ते सुटलं, मिझोरामला ऐजॉलला गेला आणि लगेच २०१७ मध्ये त्या एवढ्याशा संघाला आय-लीग जिंकून दिली. इथे मात्र तात्यांचा चेहरा खुलला. “हां! ह्ये आमच्यात लई. हिकडं ज्याला मोळी बांधता येत न्हाई म्हणतेत, त्यो तिकडं जाऊन दोन ट्रकांचा मुकादम होतोय. फड बदलावा लागतो गुर्जी.”

त्या जोरावर मुलाखती ठरल्या. पहिला उमेदवार आलाच नाही (त्याने उचल मागितली नव्हती). दुसरा हा, लॅपटॉपवाला. त्याने प्रमाणपत्र पुढे केलं.

“काय ह्ये?”

“डी लायसन्स आहे सर. महासंघाचं.”

“डी म्हंजे ड.” तात्यांनी कागद उलटा करून पाहिला. “ड वर्ग म्हंजे शिपाई. अ वर्गाचं कुणी न्हाई का?”

“सर, डीवरून वर जायचं असतं. मग सी, बी, ए, त्यावर प्रो.”

“म्हंजे बढती उलटी.” त्यांना हे पटलं. खालून वर जाणारा माणूस त्यांना आवडतो. मग खरी मुलाखत सुरू झाली. घरी शेती किती, बाप काय करतो, आधीचा क्लब सोडताना कुणाचे पैसे अंगावर ठेवले का, आजारपण काही आहे का. लॅपटॉपवर प्रेसिंगचा व्हिडिओ तसाच थांबून राहिला. मग तात्यांनी महत्त्वाचं विचारलं.

“एकटेच येनार का जोडीनं?”

पोरगा गोंधळला. मी समजावलं, नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा. तात्या सगळी भरती याच मापाने करतात. पोरगा लाजला. “अजून लग्न नाही सर. पण असिस्टंट कोच असता तर बरं झालं असतं.”

“बघा! त्याला बी कळतंय, अर्ध्यावर भागत न्हाई,” तात्या मला म्हणाले.

अटी ठरल्या. महिन्याचे पैसे उचल म्हणून एकदम, एक दिवस आला नाही तर खाडा, सामना हरला तर खाडा नाही, “कारन ऊस पडला तर कोयत्याचा दोष नसतो.” माणूस तसा न्यायी आहे. मुक्काम माझ्या घरी, हे मला तिथेच कळलं. पोराने सही केली, पैसे मोजून घेतले. दिवाळीनंतर सराव सुरू करायचा ठरलं.

इथे मी तोंड उघडायला हवं होतं. सचिव म्हणून मला कॅलेंडर दिसत होतं. उघडलं नाही, कारण दरवर्षी उघडतो आणि दरवर्षी तात्या म्हणतात, “बघू.”

दिवाळी झाली. पोरगा आपले नारिंगी शंकू, दोरीची शिडी आणि शिट्टी घेऊन सकाळी सहाला मैदानावर उभा राहिला. सात वाजेपर्यंत एक म्हैस आली. तिला गोलच्या पाइपाला बांधून म्हातारी निघून गेली. साडेसातला तो माझ्याकडे आला. मी त्याला काही न बोलता चौकात नेलं.

चौकात दोन ट्रक उभे होते. भांडी, गोधड्या, शेळ्या, ताडपत्री, कोंबड्यांची पाटी, आणि वर पोरं. डावा विंगर टपावर. ढाकवाला बचावपटू बायकोचा हात धरून तिला वर घेत होता. चैत्रात लग्न झालेलं, यंदा तो पूर्ण कोयता. गोलकीपर, ज्याला कोणी धरत नाही तो, धान्याच्या पोत्यावर बसून पाव खात होता. खाली तात्या, हातात लाल वही, एकेकाचं नाव घेत ट्रक भरत होते. त्यांनीच पावसाळ्यात या सगळ्यांच्या घरी उचल दिली होती. क्लबाच्या अध्यक्षाने क्लब उचलून कराडला न्यायचा, हे दरवर्षीचं. पाडव्याच्या सुमारास तिकडच्या कारखान्याचा पट्टा पडला की परत आणायचा.

पोरगा बघत राहिला. मग त्याने हळूहळू मोजायला सुरुवात केली. अकराच्या अकरा निघाले. “सर,” तो तात्यांना म्हणाला, “मग मी कुणाला शिकवू?”

तात्यांना प्रश्नच कळला नाही. “टीम तिकडं चाललीया, आन् कोच हिथं म्हशी राखनार का? उचल घेतलीया नव्हं? बसा वर. लिहिता-वाचता येतं, खेपांचा हिशोब बी ठेवाल. फड सांजच्याला सुटतो, मंग खेळवा तासभर.”

मला वाटलं, पोरगा आता पळणार. माजलगावची एसटी समोरच लागली होती. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा टपावरच्या विंगरकडे. विंगरने हात खाली दिला. पोराने आधी शंकू वर फेकले, मग शिडी, मग तो चढला.

तात्यांनी थुंकी लावून पान उलटलं, पेन्सिल कानावरून काढली आणि यादीच्या शेवटी लिहिलं: कोच, अर्धा कोयता.