तडेआप्पा

वास्तुशांतीच्या पंगतीत सगळे पाहुणे पानाकडे बघत असतात, तडेआप्पा छताकडे. वाढपी विचारतो, "आप्पा, वरण?" आप्पा म्हणतात, "वर नाही, कॉलमच्या अंगाला आहे."

नवं घर बांधून सुखात असलेल्या माणसाला सुखात राहू न देणारा एक गृहस्थ गावोगावी असतोच. सटाण्याच्या वाट्याला तडेआप्पा आले. उभी हयात आडतीवर कांद्याचे हिशेब लिहिण्यात गेली. मग मुलाने मोबाइलला लावायचं चिमट्याचं भिंग आणून दिलं, नातवाने भेगा मोजायचं ॲप भरलं, आणि आरम नदीकाठी एक संशोधक जन्माला आला.

त्यांची पद्धत पक्की आहे. मापासाठी भिंतीला रुपयाचं नाणं टेकवायचं आणि फोटो काढायचा. ॲप फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला नंबर देतं, काळ्याकुट्टाला शून्य, पांढऱ्याफेकला २५५. ठरावीक नंबराच्या खाली गेला तो ठिपका भेगेचा. तो नंबर कुठे धरायचा, हीच सगळी गोम! १९७९ साली नोबुयुकी ओत्सू नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने तो फोटोवरूनच काढायची रीत घालून दिली. पण आपोआप होणाऱ्या कशावरही आप्पांचा विश्वास नाही. ते पडद्यावरची पट्टी बोटाने स्वतः सरकवतात. भेग सापडेपर्यंत.

त्यामुळे सावली, पेन्सिलीची रेघ, रंगाच्या ब्रशचा केस, सगळ्यांची नोंद भेगेत होते. एकदा मिस्त्री वैतागून ओरडला, "आप्पा, जायं शे ते!" आणि त्याने जाळ्यावर फुंकर मारली. भेग उडून गेली. आप्पा शांतपणे म्हणाले, "ही गेली. हिच्या खालची?"

खालची बघायची तर प्रयोगशाळाच लागते, हेही आप्पा यजमानाला समजावतात. काँक्रीटचा तुकडा कापायचा, त्यात चमकणारं इपॉक्सी मुरवायचं, घासून घासून मिलिमीटरच्या तीन शतांशाइतका पातळ करायचा आणि अतिनील प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. भेगा उजळतात. हवेचे बुडबुडेही उजळतात, पण ते गोल. लांबी-रुंदीच्या हिशेबावरून संगणक त्यांना बाजूला काढतो. "तेव्हा या बीमचा एक कोपरा कापून दिलात तर..." एवढं ऐकल्यावर यजमानीणबाई आप्पांना आणखी एक जिलबी वाढून विषय बदलतात. कापताना आणि वाळवताना नमुन्यात नव्याच भेगा पडू शकतात, ही अडचण आप्पा सांगत नाहीत. त्यांच्या दृष्टीने ती अडचण नसावीच.

गल्लीतला तरुण इंजिनियर एकदा भिडला. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे एरवी ०.३ मिलिमीटरपर्यंतची भेग चालते, म्हणाला. आप्पा उत्तरले, "चालते सरकारला. राहायचं कोणाला आहे?"

मला मात्र वाटतं, आप्पांच्या भीतीने बागलाणातले बरेच स्लॅब वाचले असतील. चैत्र-वैशाखातलं ऊन आणि गरम वारा ओल्या काँक्रीटवरचं पाणी असं ओढून घेतात, की खालून तेवढं वर येईपर्यंत पृष्ठभाग आखडतो आणि काही तासांतच तडकतो. "संध्याकाळी मारू पाणी" म्हणणाऱ्या मिस्त्रीला घरमालक सांगतो, "बाबा, आप्पा येतील!" लगेच ओली गोणपाटं पडतात, दुसऱ्या दिवशी आळी बांधून पाणी भरलं जातं. अशा हवेत साध्या सिमेंटला किमान दहा दिवस पाणी हवं, राखमिश्रिताला चौदा; आप्पांच्या धाकाने तिथे वीस मिळतात.

जाळं उडवणाऱ्या त्याच मिस्त्रीने यंदा स्वतःचं घर बांधलं. स्लॅबच्या दिवशी पहाटेच आप्पांना गुपचूप घेऊन गेला. पाणी, गोणपाट, सगळं त्यांच्या देखरेखीखाली झालं. महिन्याभराने आप्पा गच्चीवर गेले, नाणं टेकवून कोपरान् कोपरा टिपला. मिस्त्री श्वास रोखून उभा.

"एकही नाही," आप्पा म्हणाले. चेहरा पडला होता. मग भिंग धोतराला पुसत म्हणाले, "थांब, पट्टी जरा वर सरकवून बघू."