पोटात गेलं तरी चालेल!

आप्पांकडे चहा झाल्यावर गाळणीतला चोथा टाकून द्यायची सोय नाही. तो टेबलाच्या पायांसाठी राखून ठेवलेला असतो. निवृत्तीनंतर कुणी तबला शिकतं, कुणी नर्मदा परिक्रमेला निघतं. आप्पांनी लाकूड रंगवायला घेतलं, तेही दुकानातल्या डब्याला हात न लावता. "त्याच्या नुसत्या वासानं डोकं धरतं. आणि हे बघ," असं म्हणत ते ब्रश जवळजवळ जिभेला लावतात, "पोटात गेलं तरी चालेल!"

काकूंची तक्रार नेमकी तीच आहे. पोटात जायला आणलेलंच सगळं लाकडावर जातं. विड्याचा कात स्टुलाला गेला, हळद गॅलरीतल्या कोनाड्याला. कोनाडा थोडे दिवस जेजुरीच्या पायरीसारखा झळकला आणि मग उन्हानं पार उतरला. काकू म्हणाल्या, "हळदीचे डाग मी उन्हातच घालवते. मला विचारायचंत तरी."

सध्याची भक्ती व्हिनेगरमध्ये लोखंड भिजवण्यावर आहे. आधी काकूंची तारेची घासणी बरणीत गेली, पण ती निघाली स्टेनलेस. कितीही मुरवली तरी लख्खच. मग गंजके खिळे आले. बरणीचं झाकण सैल ठेवायचं, आत हायड्रोजन तयार होतो, हे आता आमच्या दूधवाल्यालाही पाठ आहे. लाकडाला आधी कडक चहाचा हात द्यायचा, तो वाळला की वरून हे खिळ्यांचं पाणी. चहातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की खोक्याचं पांढरं पाइन डोळ्यांदेखत करडं होतं, मग काळपट. तेवढा वेळ आप्पा गप्प असतात. एरवी हा योग दुर्मीळ, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

कुणाच्या घरी गेले की 'कसे आहात'च्या आधी दारावर बोटांनी टकटक. "साग नव्हे हा. वर नुसता पॉलिशचा थाट." यजमान बिचारे पाणी आणायला आत जातात.

नैसर्गिक ते निर्धोक, हा त्यांचा सिद्धान्त एकदाच डळमळला. धोब्याची बिब्ब्याची खूण कपड्यावरून जात नाही, मग लाकडावरून कशी जाईल? तर्क बिनतोड होता. हातभर फोड उठले. ते बरे होईपर्यंत 'पोटात गेलं तरी' हे वाक्य कुणी ऐकलं नाही. नंतर पुन्हा सुरू झालं.

एक मात्र कबूल करायला हवं. आमच्या घरचा जुना पाट त्यांनी करून दिला, तसा दुकानात मिळाला नसता.

असे आप्पा तुमच्याही नात्यात असतील, तर जवसाच्या तेलाची फडकी ते कोपऱ्यात गोळा करून टाकत नाहीत ना, तेवढं पाहा. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघडी पसरून वाळवायची. बाकी काही सांगायला जाऊ नका, ऐकणार नाहीत.