स्नायूंचा गोंधळ

दंड हा व्यायाम एकच. पण साधा दंड, राममूर्ती दंड, वृश्चिक दंड, हनुमान दंड, पार्श्व दंड, चक्रदंड अशी नावं मोजायला लागलं की गाडी सहज बारापर्यंत जाते. यामागे शरीराचा सखोल अभ्यास आहे, असं जाणकार सांगतात. मला तसं वाटत नाही. पहाटे उठून जमिनीकडे जायचं, तीच ती जमीन बघून परत यायचं, याला विटलेला कुणी पठ्ठ्या एके दिवशी ‘आज जरा विंचवासारखा पाय वर करून बघू’ म्हणाला असणार. आणि वस्तादांनी त्याच्या पाठीत काठी घालायच्या ऐवजी त्या प्रकाराला नाव देऊन टाकलं असणार. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी संपादित केलेला व्यायामज्ञानकोश १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत निघाला. दहा खंड! व्यायामाचे इतके प्रकार निव्वळ आरोग्याच्या ओढीनं कुणी शोधत नाही. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा कंटाळाच हवा.

आमच्या जिममधल्या तरुण ट्रेनरनं यावर आधुनिक तोडगा काढला आहे. त्याचं नाव ‘मसल कन्फ्यूजन’. स्नायूंना सवय झाली की ते कामचुकारपणा करतात, तेव्हा उद्या काय येणार याचा त्यांना सुगावाच लागू द्यायचा नाही. म्हणून सोमवारी केटलबेल, मंगळवारी दोन जाडजूड दोरखंड जमिनीवर आपटायचे, बुधवारी अर्ध्या चेंडूवर एका पायानं उभं राहून डंबेल उचलायचं आणि गुरुवारी ट्रॅक्टरचं टायर उलटं करायचं. उलटं झालं की पुन्हा सुलटं करायचं, कारण पुढची बॅच येऊन उभी असते. यात कंटाळा येत नाही, हे कबूल. जीव मुठीत धरलेल्या माणसाला तो येतोच कुठे? पण माझे स्नायू गोंधळले की नाही, कोण जाणे. मी मात्र पुरता गोंधळलो. गेल्या महिन्यापेक्षा आपल्यात ताकद आली का, हे ताडून बघावं, तर गेल्या महिन्यातलं एकही काम या महिन्यात पुन्हा आलेलं नसायचं.

उरला पुरावा एकच : अंगदुखी. आणि हा साक्षीदार फितूर आहे. नव्या व्यायामानं अंग दुखतंच, त्यातही वजन सावकाश खाली आणताना स्नायू ताणला गेला की जास्त. तोच व्यायाम काही दिवसांनी पुन्हा केला की दुखणं पुष्कळ कमी होतं. म्हणजे जो रोज नवीन काही करतो तो रोज कण्हतो, आणि कण्हण्यालाच प्रगती समजतो. शिवाय सुरुवातीच्या आठवड्यांत जी ताकद वाढते, ती बरीचशी मज्जातंतूंनी ते काम शिकून घेतल्यामुळे. स्नायू भरायला त्यानंतर वेळ लागतो. आमच्या मज्जातंतूंची गत बदलीच्या नोकरीतल्या माणसाच्या पोरासारखी झाली होती. वर्गातल्या मुलांची नावं पाठ होतात न होतात, तोच शाळा बदलायची.

याच्या अगदी उलट टोकाला मिलो. दक्षिण इटलीतल्या क्रोटोन या ग्रीक वसाहतीतला हा पैलवान इसवीसनापूर्वी सहाव्या शतकात होऊन गेला आणि ऑलिंपिकमध्ये त्यानं सहा वेळा कुस्ती मारली. दंतकथा अशी की, तो रोज एक वासरू खांद्यावर घेऊन फिरायचा. वासराचा बैल झाला, तरी याचं फिरणं चालूच. व्यायाम रोज तोच, वजन मात्र रोज चिमूटभर जास्त. हल्ली याला प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात.

तिसऱ्या मजल्यावर वासरू पाळायला आमची सोसायटी परवानगी देणार नाही. म्हणून मी गॅसच्या सिलिंडरचा विचार केला. भरलेला असताना तो तीसेक किलोचा भरतो, धरायला वर कडं असतं, आणि घरात येतोही आपल्या पायांनी, म्हणजे आणून देणाऱ्याच्या. फक्त एक अडचण निघाली. रोजच्या पोळ्याभाजीनं सिलिंडर हलका होत जातो आणि संपेपर्यंत निम्म्यावर येतो. मिलोनं हा मार्ग धरला असता, तर बैलापासून सुरुवात करून तो वासरापाशी पोचला असता. बायको म्हणाली, “उचलताच आहात रोज, तर त्याच्याखालची फरशीही पुसून घेत जा.”

‘दहाचे तीन सेट’ या जगातल्या सर्वांत रटाळ वाक्यावरही माझा राग होता, तो त्याचा इतिहास कळल्यावर निवळला. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे गुडघे पुन्हा कामाला लावण्यासाठी डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरनं वजनं वाढवत नेण्याची पद्धत बसवली. १९४५ साली त्यानं ती प्रसिद्ध केली, तेव्हा दहा-दहाचे सात ते दहा सेट होते. पुढं १९४८मध्ये, इतके लागत नाहीत हे लक्षात आल्यावर, तीनच ठेवले : पहिला निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. तेव्हापासून तिसऱ्या सेटला मी मनातल्या मनात त्या डॉक्टरांचे आभार मानतो. उरलेले चार ते सात काही कमी नव्हते.

सध्या माझं सगळं आमच्या सोसायटीतल्या निवृत्त पोस्टमास्तरांच्या हातात आहे. ते मूळचे कोल्हापूरचे, तरुणपणी तालमीत मेहनत केलेले. कंटाळ्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, “तालमीत कटाळायला सवड कुणाला हुती? आधी खोऱ्यानं हौद्यातली माती उकरायची, मग जोर, मग बैठका, मग दोर चढायचा, मग करेल फिरवायची, आन्‌ एवढं झाल्यावर समोर जोडीदार उभा. त्यो काय रोज एकाच बाजूनं पाडतोय व्हय?”

त्यांची पद्धत अशी. बैठक, दंड, ओढणं आणि उचलणं हे चार प्रकार महिनोन्‌महिने हलवायचे नाहीत. त्यांच्या भोवती मात्र हवा तो खेळ. एका आठवड्यात बैठकीत खाली जाताना सावकाश चार अंक मोजायचे. पुढच्या आठवड्यात तळाशी थांबायचं. तिथं थांबून माणसाला लहानपणापासूनचं सगळं आठवतं. कधी दोन सेटमधली विश्रांती कमी करायची, कधी साध्या दंडाच्या जागी हनुमान दंड आणायचा, कधी पाय पायरीवर ठेवायचे. वजन वाढवायचं ते बारच्या दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोनं, आणि तेही आधीचं नीट पेललं तरच. सगळ्याची नोंद ते जुन्या खतावणीत करतात. मी सांगितलेल्या आकड्यावर विश्वास नाही. समोर करून दाखवलं तरच खात्यात जमा.

परवा बैठका मारताना मी चुकून बोलून गेलो, “मास्तर, आज जरा कंटाळा आलाय.”

त्यांनी खतावणी मिटली. “आला व्हय? मग वजन कमी पडतंय की!” म्हणाले आणि दोन्ही बाजूंना एकेक चकती वाढवली.

तेव्हापासून जांभईसुद्धा मी त्यांची पाठ फिरल्यावरच देतो.