समरकंदची सब्जी

उझबेकिस्तानला जायचं ठरलं तेव्हा आम्ही दोघांनी कामं वाटून घेतली. बायकोने खाकरे, मेतकूट आणि लसणाची चटणी बांधायची. मी भाषा सांभाळायची. भाषेची मला काळजीच नव्हती. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले खरे, पण बाजार, मैदान, हवा, तराजू ही मंडळी मराठीत ठाण मांडून राहिली ती राहिलीच. उझबेकांकडेही हेच शब्द, फक्त उच्चार जरा तोंडात गोळी ठेवून केल्यासारखे. म्हणजे अर्धी भाषा मला पुण्यात बसूनच येत होती.

समरकंदच्या रेगिस्तान चौकात तर मला नुसतं भरतं आलं. तीन बाजूंना तीन मदरसे, निळ्या फरश्यांनी मढवलेले. पहिला उलुघ बेगचा, 1420 सालचा. त्याच्या समोरचा दोनशे वर्षांनंतरचा, नाव शेरदार. मी ताबडतोब सुरू झालो, "जमीन असलेला तो जमीनदार, तसा शेर असलेला तो शेरदार!"

बायकोने कमानीवरचं जनावर नीट न्याहाळलं. "अहो, पण याला पट्टे आहेत. हा वाघ आहे."

होतेच पट्टे. नाव सिंहाचं, अंगावर पट्टे वाघाचे, पाठीवर माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य. व्युत्पत्तीशास्त्राने इथे मान खाली घातली.

दुपारी उलुघ बेगची वेधशाळा पाहिली. तैमूरचा हा नातू राज्य करता करता आकाश मोजत होता. वेध घेण्यासाठी त्याने सुमारे 40 मीटर त्रिज्येची दगडी कमान बांधली. तिचा जमिनीखालचा भाग 1908 मध्ये सापडला, तो आजही पाहता येतो. हजारावर ताऱ्यांच्या जागा त्याने नोंदवल्या आणि 1449 मध्ये पोटच्या मुलानेच त्याचा जीव घेतला. मी हळहळलो. बायको माझ्याकडे बघत म्हणाली, "सारखं वर बघणाऱ्याचं घरात लक्ष नसतं."

रात्री जेवायला बसलो. बायको शाकाहारी. यादीत पुलाव होता, पण त्यात मांस. आता माझी पाळी होती. वेटरला बोलावून मी खणखणीत आवाजात सांगितलं, "गोश्त नाही! सब्जी! फक्त सब्जी!"

त्याचा चेहरा क्षणभर गोंधळला, मग उजळला. पाच मिनिटांत त्याने बशी आणून ठेवली. गाजरं. सोललेली, चिरलेली, नुसती गाजरं.

"दुसरी सब्जी?" मी विचारलं.

तो उत्साहाने आत गेला आणि पिवळी गाजरं घेऊन आला.

उझबेक भाषेत गाजराला सब्जी म्हणतात, हे गाइडने दुसऱ्या दिवशी बसमध्ये माइकवरून सांगितलं. सगळी बस हसली. सर्वांत मोठ्याने कोण हसलं, ते सांगत नाही. मला पुढेही तिच्याच घरात राहायचं आहे.

त्यानंतर मी बोलणं कमी केलं. बुखाऱ्याचा 1127 सालचा कल्याण मिनार मी मुकाट्याने पाहिला. खिव्यात जगातला उंचातला उंच मिनार बांधायला निघालेला खान 1855 मध्ये गेला आणि काम थांबलं. तो बुटका, लठ्ठ, अतिशय सुंदर मिनार पाहून आमच्या सोसायटीची दुसरी विंग आठवली, पण तेही मी बोललो नाही. बुखाऱ्यातच तलावाकाठी गाढवावर बसलेल्या मुल्ला नसरुद्दीनचा पुतळा आहे. बायकोने मला त्याच्या शेजारी उभं करून फोटो काढला आणि म्हणाली, "यालाही सगळ्या भाषा येत असतील, नाही?"

तुम्ही शाकाहारी असाल आणि तिकडे जाणार असाल, तर 'गोश्तसिझ' म्हणा, म्हणजे मांसाशिवाय. लाल भोपळ्याचं सारण भरून भट्टीत भाजलेला सोमसा मिळतो, तो जरूर मागा. सब्जी मागू नका. आमच्या घरात अजून गाजरहलवासुद्धा होत नाही.